नास्कारच्या गाडीत कारखान्याचा हात दिसत असे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २००० च्या सुमारास उत्तर कॅरोलायनात शिकत असताना आपण नास्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ‘स्टॉक कार’ मोटारींच्या, शर्यती आवडीने पाहत होतात. मध्ये पंधराएक वर्षे त्या सुटल्या. आता पुन्हा पाहू लागल्यावर गाड्या अधिक सुरक्षित आणि शर्यती अधिक चुरशीच्या वाटतात, तरीही जुने प्रेक्षक ‘पूर्वीची गोडी राहिली नाही’ असेच म्हणतात. हा केवळ वयाचा आणि आठवणींचा परिणाम आहे, की खरोखरच काही गेले आहे, असे आपण विचारले आहे.

मी २००१ च्या उन्हाळ्यापासून २०२२ च्या मोसमाअखेरपर्यंत शार्लटजवळच्या एका संघाच्या कारखान्यात चॅसिस (गाडीचा सांगाडा) आणि सस्पेन्शन (चाकांना सांगाड्याशी जोडून धक्के झेलणारी यंत्रणा) या विभागांत काम केले. त्या अनुभवावरून सांगतो की काहीतरी नक्कीच गेले आहे आणि ते काय, हे बऱ्यापैकी नेमके दाखवता येते. पूर्वी एका संघाची गाडी आणि दुसऱ्याची गाडी, एक ट्रॅक आणि दुसरा ट्रॅक यांत फरक असे, आणि तो प्रेक्षकाला बाकावर बसून डोळ्यांनी दिसत असे. हे फरक गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक करून पुसले गेले. पुसण्याचे कारण बहुतेक वेळा योग्य होते आणि काही वेळा तर ते माणसांचे जीव वाचवणारे होते. म्हणूनच या विषयावर सरसकट तक्रार करणे मला पटत नाही, आणि सरसकट समाधानही मानता येत नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. ‘आता या गाड्या स्टॉक राहिलेल्या नाहीत’, म्हणजे दुकानातून विकत घेतल्यासारख्या राहिलेल्या नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. पण ती गोष्ट आजच्या बहुतेक प्रेक्षकांच्या जन्माआधीच संपली होती. १९ जून १९४९ रोजी शार्लटला झालेल्या पहिल्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यतीत ग्लेन डनवे याची फोर्ड पहिली आली. तपासणीत तिच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार आढळला, तो बाद झाला आणि कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरच्या लिंकनला विजय मिळाला. डोंगरातली बेकायदा दारू वाहून नेणारे लोक मागे भार असताना गाडी बसू नये म्हणून स्प्रिंग तसे कडक करून घेत, आणि ती गाडीही त्याच धंद्यातली होती. म्हणजे नियमावली आणि मिस्त्रीचे डोके यांची झुंज या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. १९६९-७० मध्ये डॉज आणि प्लिमथ यांनी टोकदार नाकाच्या आणि खांद्याइतक्या उंच पंखाच्या गाड्या केवळ शर्यतीसाठी काढल्या, आणि त्या चालवता याव्यात म्हणून ठरावीक संख्येने ग्राहकांना विकल्या. त्यानंतरच्या दशकांत खालचा सांगाडा पूर्णपणे नळ्या वेल्ड करून बनवलेला, आणि वर ओळखीच्या मॉडेलसारखा दिसणारा पत्रा, हीच रीत झाली. तेव्हा ‘स्टॉक’ हा शब्द फार पूर्वीच नावापुरता उरला होता. २०२१ पर्यंत जी गोष्ट टिकून होती ती वेगळी: गाडी संघाच्या स्वतःच्या कारखान्यात घडत असे.

मी रुजू झालो तेव्हा आमच्या कारखान्यात एका चालकासाठी पंधराच्या आसपास गाड्या असत. डेटोना आणि टॅलाडेगाच्या प्रचंड ट्रॅकसाठी वेगळ्या, दीड मैलांच्या ट्रॅकसाठी वेगळ्या, मार्टिन्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकसाठी आणखी वेगळ्या. नळ्या आम्हीच कापत असू, आम्हीच वेल्ड करत असू. पत्र्याचे काम करणारे कारागीर वेगळ्या दालनात बसत. त्यांतले एक ज्येष्ठ कारागीर उजव्या बाजूचा मडगार्ड हाताने घडवत असताना मी कित्येकदा शेजारी उभा राहिलो आहे. पत्रा चाकांच्या यंत्रातून मागे-पुढे फिरवायचा, हातमोजा काढून तळवा त्यावरून सावकाश न्यायचा, आणि जिथे फुगवटा कमी वाटेल तिथे पुन्हा दोनदा फिरवायचा. तपासणीच्या वेळी अधिकारी ठरावीक जागी पत्र्याचे साचे टेकवून पाहत. दोन साच्यांच्या मधल्या जागेत काय करायचे, ही या माणसाची कला होती. तिथे वाढवलेला अर्धा इंच उजव्या बाजूने वाऱ्याचा आधार देई आणि चालकाला वळणात मागचा भाग सुटण्याची भीती कमी वाटे. त्या वर्षांत आमच्या गाड्या वरून पाहिल्या तर केळ्यासारख्या वाकलेल्या दिसत, कारण त्यांना फक्त डावीकडे वळायचे होते. प्रेक्षकाला यातले गणित कळत नसेलही, परंतु एका संघाची गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते आणि दुसऱ्याची तशी चालत नाही, हे त्याला दिसत होते, आणि त्यावर तो आठवडाभर वाद घालू शकत होता.

स्मोकी युनिक या डेटोनाच्या प्रसिद्ध मिस्त्रीची गोष्ट जुने लोक आजही सांगतात. नियमात पेट्रोलच्या टाकीचे आकारमान ठरवून दिले होते, नळीचे नव्हते. म्हणून त्याने २ इंच जाडीची आणि ११ फूट लांबीची वेटोळी नळी बसवून त्यात ५ गॅलन पेट्रोल जास्तीचे नेले, असे म्हणतात. हिशोब करून पाहिला तर अशा नळीत दोन गॅलनसुद्धा मावत नाहीत, पावणेसात लिटरांच्या आसपास मावते. तरी गोष्ट टिकली आहे, कारण तिच्यात प्रेक्षकाला हवे असलेले माणूस आहे: मोठ्या कंपनीइतका पैसा नसलेला, पण नियमाचे प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा वाचणारा. १९९७ च्या ऑल-स्टार शर्यतीत रे एव्हरनॅम या संघप्रमुखाने आपला चालक जेफ गॉर्डन याच्यासाठी नव्या कल्पनेची चॅसिस आणली, ती सहज जिंकली आणि ‘ही पुन्हा आणू नका’ असा निरोप त्याला मिळाला. अशा कथा आता घडू शकत नाहीत.

त्या का घडू शकत नाहीत, याचे उत्तर २०२२ च्या नव्या गाडीत आहे. या गाडीची चॅसिस, बाहेरचे पॅनेल, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे भाग हे सर्व ठरवून दिलेल्या एकेका पुरवठादाराकडून विकत घ्यावे लागतात. संघ ते भाग जोडतो; इंजिन मात्र अजून निर्मात्यांशी जोडलेल्या इंजिन-कारखान्यांकडून येते. गाडीच्या प्रत्येक क्रमांकामागे सातच चॅसिस ठेवता येतात आणि अंतिम तपासणी पत्र्याच्या साच्यांऐवजी कॅमेऱ्यांनी होते. यामागे खर्च कमी करून लहान संघांना जगवण्याचा हेतू होता आणि तो खोटा नव्हता. मी ज्या वर्षांत काम केले त्या वर्षांत मोठे संघ वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांवर जो पैसा ओतत, तो पाहिला तर दोन गाड्यांचे संघ का बंद पडत गेले हे समजते. परंतु नव्या गाडीची पहिली खोकी आली तेव्हा आमच्या कारखान्यात पत्र्याचे दालन रिकामे झाले. तिथे आज जोडणीची टेबले आहेत.

आता ही गाडी ट्रॅकवर कशी वागते ते पाहू, कारण प्रेक्षकांची सर्वांत रास्त तक्रार इथली आहे. जुन्या गाडीला १५ इंची स्टीलची अरुंद चाके, मागे एकसंध ॲक्सल आणि १९६० च्या दशकातल्या शेव्हरोलेट ट्रकवरून घेतलेल्या पद्धतीचे सस्पेन्शन होते. तंत्रज्ञान जुनाट होते, हे मान्य. पण २०१४ पर्यंत त्यावर साडेआठशेच्या पुढची अश्वशक्ती असे. चाकांची पकड कमी आणि ताकद जास्त, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर किती आणि कधी दाबायचा यातच चालकाची किंमत ठरे. घाई केली की मागची चाके फिरत, टायर तापत आणि वीस फेऱ्यांनंतर तो चालक मागे पडू लागे. संयम ठेवणारा पुढे येई. नव्या गाडीत १८ इंची रुंद चाके, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, मोठे ब्रेक आणि खालून हवा खेचणारा सपाट तळ आहे, तर अश्वशक्ती सुरुवातीला ६७० ठरवली गेली. पकड वाढली आणि ताकद घटली. मोठ्या ब्रेकमुळे सगळेच वळणात फार उशिरा ब्रेक लावू शकतात, म्हणून ब्रेकवर एकमेकांना गाठण्याची जागा आक्रसली. पाच गिअरच्या नव्या गिअरबॉक्समध्ये लिव्हर नुसता मागे-पुढे ओढला की झाले, त्यामुळे वळणात झालेली चूक एक गिअर खाली आणून भरून काढता येते. चूक भरून निघाली की मागच्याला संधी कुठून मिळणार? मार्टिन्सव्हिलला किंवा रिचमंडला मागची गाडी वेगवान असूनही वीस-वीस फेऱ्या अडकून पडते, त्याचे कारण चालकाच्या कमी धाडसात नसून या मांडणीत आहे.

पॅनेलचा मुद्दाही लहान वाटतो, पण प्रेक्षकाच्या दृष्टीने मोठा आहे. जुना पत्रा धक्क्याने आत जाई, टायरला घासू लागे आणि धूर निघे. पिटमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना गाडी थांबवून काम करतात त्या जागी, माणसे हातोडीने आणि हातांनी तो बाहेर ओढत. म्हणून चालकाला धक्का देताना विचार करावा लागे. आताचे मिश्र धाग्यांचे पॅनेल दाबले जाते आणि परत जागेवर येते. उलट चारही टायरांतली हवा गेली तर सपाट तळामुळे गाडी जागची हलत नाही आणि तिला ओढून न्यावे लागते, जे पूर्वी क्वचितच घडे. चाकाच्या पाच नटांऐवजी मधोमध एकच नट आला. पाच नटांच्या काळात एअर गनचे पाच तुटक आवाज मोजून चाक नीट बसले की नाही हे आम्ही भिंतीमागे उभे राहून सांगू शकत असू. आता एकच आवाज येतो. चाकाला नट हवेत किती, हा तांत्रिक निर्णय आहे आणि १८ इंची चाकासाठी एक नट योग्यच आहे, तरी त्या पाच आवाजांची मला फार आठवण येते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की दीड मैलाच्या ट्रॅकवर नवी गाडी जुनीपेक्षा निश्चितच चांगली आहे. जुन्या गाड्या तिथे पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत शिरल्या की नाक हलके होई आणि पहिला निघून जाई. नव्या गाडीला बरीच पकड तळाखालून मिळत असल्याने ती तिथे शेजारी शेजारी धावते. २०२४ मध्ये कॅन्ससला काइल लार्सन ०.००१ सेकंदाने जिंकला, नास्कारच्या मुख्य मालिकेतले सर्वांत कमी अंतर. आणि ‘पूर्वी चुरस असे’ हे विधानही तपासून घ्यावे. १९६५ च्या सदर्न ५०० मध्ये नेड जॅरेट १४ फेऱ्यांच्या आघाडीने जिंकला होता. वेन्डेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाने १९६३ च्या डिसेंबरात जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकली, तरी त्या दिवशी करंडक दुसऱ्याच्या हाती देण्यात आला. जुन्या दिवसांतले हे सर्व आठवणींतून गाळून टाकणे बरोबर नाही.

सुरक्षेबद्दल माझे मत पक्के आहे. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हे दिग्गज चालक अपघातात गेले, तेव्हा मी कामाला लागायला काही महिने होते. त्या उन्हाळ्यात कारखान्यात शिरलो तेव्हा भिंतीवर त्यांच्या काळ्या ३ नंबरच्या गाडीची चित्रे होती आणि जेवणाच्या सुट्टीत कोणी फार बोलत नसे. त्याआधीच्या वर्षी अॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तिघे गेले होते. त्यानंतर मान धरून ठेवणारे उपकरण सक्तीचे झाले, भिंतींवर धक्का शोषणारे अडथळे आले, चालकाची बैठक गाडीच्या मध्याकडे सरकली. तेव्हापासून नास्कारच्या तीन राष्ट्रीय मालिकांत शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. २०२० च्या डेटोना ५०० मधला रायन न्यूमनचा अपघात पाहून मला तो वाचेल असे वाटले नव्हते. दोन दिवसांनी तो मुलींचा हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला. नव्या गाडीचा मागचा भाग पहिल्या वर्षी फार ताठ निघाला, कर्ट बुश आणि अॅलेक्स बोमन यांना डोक्याला मार बसला, आणि तो भाग पुढच्या मोसमासाठी मऊ करावा लागला. ‘धोका गेला म्हणून रस गेला’ असे म्हणणाऱ्याने एकदा चालकाच्या घरच्यांशेजारी बसून शर्यत पाहावी.

गाडीइतकेच मोठे नुकसान मोसमाच्या रचनेत झाले आहे, आणि इथे मात्र जीव वाचवण्याचे कारण नव्हते. १९७५ ते २००३ पर्यंत गुणपद्धत मुळात एकच होती: फेब्रुवारीतली शर्यत आणि नोव्हेंबरातली शर्यत सारख्याच मोलाची. १९९२ चा शेवट तिच्यामुळेच घडला. अॅलन कुलविकी हा इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, स्वतःच संघाचा मालक आणि स्वतःच चालक असलेला माणूस. सहा शर्यती उरल्या असताना तो २७८ गुणांनी मागे होता. अटलांटाच्या अखेरच्या शर्यतीत, जी रिचर्ड पेटी या दिग्गज चालकाची शेवटची आणि जेफ गॉर्डनची पहिली होती, सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्यास पाच गुण जादा मिळणार होते. कुलविकीच्या माणसांनी हिशोब करून त्याला पेट्रोलसाठी बोलावण्याची वेळ ठरवली. शर्यत बिल एलियटने जिंकली, पण कुलविकी १०३ फेऱ्या पुढे राहिला आणि एलियट १०२. अजिंक्यपद कुलविकीने १० गुणांनी जिंकले. त्याच्या गाडीवरच्या ‘थंडरबर्ड’ या इंग्रजी नावातली पहिली दोन अक्षरे (Th) त्याने परवानगीने काढली होती आणि ती ‘अंडरबर्ड’, म्हणजे दुबळ्या बाजूचा पक्षी, म्हणून धावली होती. पाच महिन्यांत, १ एप्रिल १९९३ रोजी, तो विमान अपघातात गेला.

२००३ मध्ये मॅट केन्सेथ एकच शर्यत जिंकून अजिंक्य ठरला, तर आठ जिंकणारा रायन न्यूमन सहावा आला. त्यानंतर २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींचा वेगळा टप्पा सुरू झाला, आणि २०१४ पासून बाद फेऱ्या होऊन चौघांत एका शर्यतीवर अजिंक्यपद ठरू लागले. त्याच २०१४ मध्ये न्यूमन वर्षभरात एकही शर्यत न जिंकता त्या चौघांत पोहोचला आणि दुसरा आला. केन्सेथच्या एका विजयावर उपाय शोधताना शून्य विजयांच्या अजिंक्यवीराला दार उघडले गेले होते! २०२५ मध्ये डेनी हॅमलिनने फिनिक्सला बहुतांश वेळ आघाडी घेतली, अगदी शेवटी पिवळा झेंडा (सर्वांनी वेग कमी करून रांगेत येण्याची सूचना) पडला आणि अजिंक्यपद लार्सनकडे गेले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. परंतु ३६ आठवडे प्रवास करून, तंबू ठोकून, कानाला स्कॅनर लावून चालक आणि प्रमुखाचे बोलणे ऐकणाऱ्या प्रेक्षकाला आपण मोसमभर जे पाहिले त्याचे वजन किती, हा प्रश्न पडतोच.

गावांचे दुःख तर सर्वांना माहीत आहे. नॉर्थ विल्क्सबरोला १९९६ नंतर शर्यत थांबली आणि तिच्या तारखा न्यू हॅम्पशर आणि टेक्ससला गेल्या. रॉकिंगहॅमला २००४ नंतर मुख्य मालिका आली नाही. डार्लिंग्टनची लेबर डेची (सप्टेंबरातल्या अमेरिकी कामगार दिनाची) शर्यत काही वर्षे कॅलिफोर्नियात हलवली गेली आणि २०१५ मध्ये परत आली. इथेही माझे लक्ष डांबराकडे जाते. रॉकिंगहॅमची वाळूमिश्रित खरखरीत जमीन टायर खात असे, म्हणून तिथे सावध चालक जिंके. गुळगुळीत नव्या ट्रॅकवर तसे होत नाही. ट्रॅक गेला की त्या ट्रॅकवर लागणारे कौशल्यही निरुपयोगी होते. आपल्याकडच्या वाचकांना नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमुळे माहीत आहे. तो २०१० मध्ये नास्कारच्या ट्रक मालिकेत उतरला आणि त्या वर्षी प्रेक्षकांनी त्याला मालिकेचा सर्वांत लोकप्रिय चालक निवडले. त्याची पहिली शर्यत मार्टिन्सव्हिलला होती. सपाट, अरुंद, केसाच्या पिनेसारखी वळणे असलेल्या त्या अर्ध्या मैलावर जगभर हिंडलेल्या चालकालाही नव्याने शिकावे लागते, यातच त्या जागेची किंमत आहे.

काही गोष्टी परत येत आहेत. २०२६ च्या मोसमासाठी बाद फेऱ्या काढून शेवटच्या दहा शर्यतींच्या एकूण गुणांवर अजिंक्यपद ठरवण्याचा निर्णय झाला आहे; मला संपूर्ण ३६ शर्यतींचे गुण आवडले असते, पण एका दिवसापेक्षा दहा आठवडे बरे. दीड मैलाहून लहान ट्रॅकसाठी अश्वशक्ती ७५० केली आहे, जी माझ्या मते अजून शंभराने वाढायला हवी, कारण या टायरांच्या रुंदीला ७५० पुरेशी नाही. गाडी पुन्हा कारखान्यात घडेल अशी आशा मी ठेवत नाही. तो खर्च आता कोणाला पेलणार नाही आणि ती माणसेही पांगली आहेत.

आपण पुन्हा पाहायला लागलाच आहात, तर २०२६ च्या वेळापत्रकातली नॉर्थ विल्क्सबरोची शर्यत चुकवू नका. १९९६ नंतर तिथे प्रथमच मुख्य मालिकेच्या गुणांची शर्यत होणार आहे. जुने डांबर आता काढलेले आहे, पण जमिनीचा उतार तोच आहे: पुढची सरळ बाजू उतरती आणि मागची चढती. दुसऱ्या वळणातून चढावर निघताना गाडीच्या मागच्या उजव्या टायरकडे पाहा. ज्याचा टायर चाळिसाव्या फेरीलाही न घसरता पकड घेतो, त्याच्या मागोमाग पुढच्या वीस फेऱ्या नजर ठेवा. पडद्यावर आघाडीची जोडी दाखवत असतील, तरी तुम्ही त्यालाच पाहत राहा.